एकरी किती झाडं बसवायची? आधी झाड केवढं ठेवणार ते ठरवा

नर्सरीत रोपं बुक करायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "एकरी किती लागतील?" समोरचा एक आकडा सांगतो, इसार दिला जातो, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या बागेचा नकाशा त्या पाच मिनिटांत ठरून जातो. कांद्याचं वाफ्यातलं अंतर चुकलं तर एक हंगाम जातो. द्राक्षबागेचं चुकलं तर बाग असेपर्यंत तुम्ही त्या चुकीशी झगडत राहता, आणि आंब्याचं चुकलं तर पुढची पिढी झगडते.

झाडांची संख्या ही या हिशेबातली शेवटची पायरी आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: हे झाड मी किती उंच आणि किती घेराचं ठेवणार आहे, आणि दरवर्षी न चुकता तेवढंच ठेवायला माझ्याकडे मजूर, वेळ आणि छाटणीची जाण आहे का? याचं उत्तर मिळालं की अंतर ठरतं आणि अंतरावरून संख्या आपोआप निघते.

गुंठ्याचा हिशेब

कागदावरचं गणित सोपं आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन ओळींतलं अंतर गुणिले ओळीतल्या दोन झाडांमधलं अंतर, हे फुटात काढा आणि त्याने ४३,५६० ला भागा. द्राक्षाला १० बाय ६ म्हटलं तर ६० चौरस फूट, म्हणजे एकरी ७२६ वेली. ९ बाय ५ ला ९६८. डाळिंबाला १५ बाय १० ला २९०. आणि आपल्या आजोबांच्या आंब्याचं अंतर, म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, हे जवळपास ३३ फूट बाय ३३ फूट होतं. ३३ बाय ३३ म्हणजेच एक गुंठा. गुंठ्याला एक झाड, एकरी चाळीस. जुन्या माणसांना हे तोंडपाठ असायचं ते त्यामुळेच.

पण हा आकडा रानात कधीच तंतोतंत उतरत नाही, आणि रोपं बुक करताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. एक उदाहरण नीट मांडून बघू. तुमचं एक एकराचं रान ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद आहे (दहा गुंठे लांब, चार गुंठे रुंद). डाळिंब १५ बाय १० वर लावायचंय. सूत्र सांगतं २९० झाडं. आता प्रत्यक्ष आखणी करा. ओळी लांबीच्या दिशेने. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला वीस-वीस फूट सोडले तर ओळीला उरले २९० फूट. दहा फुटांवर एक झाड म्हणजे २९ गाळे आणि ३० झाडं. रुंदीत दोन्ही बांधांपासून निदान साडेसात फूट सोडायचे, म्हणजे उरले ११७ फूट. त्यात १५ फुटांचे ७ गाळे बसतात, म्हणजे ८ ओळी. आठ गुणिले तीस, २४० झाडं. सूत्रापेक्षा ५० कमी. ती पन्नास रोपं आणली असती तर पैसे वाया गेले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे "आणलीच आहेत तर लावून टाकू" म्हणत वळणाच्या जागेत कोंबली गेली असती.

याच रानात आणखी एक गंमत आहे. ८ ओळींना १५ फुटांप्रमाणे १०५ फूट लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतेरा फूट शिल्लक राहतात. तीच ओळ १६ फुटांवर घेतली तरी ११२ फुटांत आठच ओळी बसतात आणि बांधाला दहा फूट उरतात. एकही झाड कमी न होता प्रत्येक गल्लीत एक फूट मोकळा मिळाला. उलट साडेचौदा फुटांवर आलात तर ११६ फुटांत ९ ओळी बसतात आणि झाडं होतात २७०. अर्ध्या फुटाने तीस झाडं वाढली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: शिफारशीचं अंतर जसंच्या तसं उचलू नका, आधी टेप घेऊन आपलं रान मोजा, ते अंतर त्यात बसवून बघा, एक फूट इकडेतिकडे करा, आणि मग रोपं सांगा.

दाट लावल्याने मिळतं काय?

सघन लागवड, अतिघन लागवड हे शब्द आता गावोगाव पोचले आहेत. झाडं दुप्पट तर माल दुप्पट, असा त्याचा सरसकट अर्थ लावला जातो. तो पहिली काही वर्षं खरा असतो आणि नंतर खोटा ठरतो. का, ते समजून घेतलं की बाकी सगळं सोपं होतं.

फळ तयार होतं ते पानावर पडलेल्या उन्हातून. जमिनीवर पडलेलं ऊन बागायतदाराच्या दृष्टीने फुकट गेलं. आंबा ३३ फुटांवर लावला तर झाडांचा पसारा एकमेकांजवळ पोचायला दहा वर्षांहून जास्त काळ जातो. तोवर निम्म्याहून जास्त ऊन उघड्या जमिनीवर पडत राहतं. तोच आंबा ५ बाय ५ मीटरवर, म्हणजे एकरी साधारण १६० झाडं लावलीत, तर रान निम्म्या काळात भरतं. त्या मधल्या वर्षांत झाडं जितकी जास्त तितका माल जास्त, हे अगदी खरं.

पण एकदा पानांनी रान झाकलं की दोन्ही बागा सारखंच ऊन पकडतात. आता जास्तीच्या झाडांना नवीन ऊन मिळत नाही, ती एकमेकांचं ऊन खातात. म्हणजे दाट लागवडीत जे मिळतं ते मुख्यतः लवकर मिळतं. त्याची किंमत पुढे दरवर्षी छाटणीच्या रूपात मोजावी लागते. ही किंमत देणाऱ्याला दाट लागवड फार फायद्याची आहे. एकही वर्ष छाटणी चुकवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

छाटणी चुकली की काय होतं ते कुठल्याही दाटलेल्या बागेत शिरून बघा. आतल्या पानांवर उघड्या उन्हाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी उजेड पोचायला लागला की तिथे फळधारणेचे डोळे तयार होणं मंदावतं. आधी आतल्या फांद्या वांझ होतात, मग सुकतात. फळ वर-वर आणि बाहेर-बाहेर सरकतं. खाली नुसतं लाकूड आणि फळ माथ्यावर, जिथे ना शिडी नीट पोचते ना फवारा. हवा खेळत नाही म्हणून ओल टिकते, आणि ओल टिकली की द्राक्षावर डाउनी, आंब्यावर करपा, डाळिंबावर तेल्या हे रोग ठरलेलेच.

सावली मोजून बघा

ओळ कोणत्या दिशेने घ्यायची याला बरेच जण "रान जसं लांब तशी ओळ" एवढंच उत्तर देतात. ट्रॅक्टरच्या दृष्टीने ते बरोबर आहे, लांब ओळीत वळणं कमी पडतात. पण उन्हाचाही हिशेब करा.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा ओळ कुठल्याही दिशेची असली तरी फार फरक पडत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण साडेसेहेचाळीस अंश वर. त्या वेळी दहा फूट उंच झाडाची सावली उत्तरेकडे साडेनऊ फूट लांब पडते. ओळी पूर्व-पश्चिम असतील आणि अंतर बारा फूट असेल, तर एका ओळीची सावली दुपारी पलीकडच्या ओळीच्या अंगावर चढते, कारण त्या झाडाचा पसारा आपल्या बाजूला तीन-चार फूट पुढे आलेला असतो. खालच्या फांद्या थंडीभर सावलीत. ओळी दक्षिणोत्तर असतील तर दुपारची ती सावली आपल्याच ओळीवर पडते, सकाळी पूर्वेची बाजू आणि दुपारनंतर पश्चिमेची बाजू आळीपाळीने उजळते. आपल्याकडे थंडीतच द्राक्षाचे मणी फुगत असतात आणि बहाराचं डाळिंब रंगावर येत असतं, त्यामुळे हा फरक मालात दिसतो.

रान पूर्व-पश्चिम लांब आहे आणि ओळीही तशाच घ्याव्या लागणार आहेत, असं असेल तर दोनच उपाय: दोन ओळींमधलं अंतर वाढवा किंवा झाड बुटकं ठेवा. झाडाची उंची ओळीच्या अंतराच्या पाऊणपटीच्या वर जाऊ द्यायची नाही, हा साधा नियम कुठल्याही फळझाडाला धरून चालतो. बारा फुटांच्या ओळीला नऊ फुटांचं झाड. मांडवाच्या द्राक्षबागेला यातून सूट आहे. मांडव सपाट छतासारखा पसरलेला असतो, तिथे ओळीच्या दिशेपेक्षा मांडवावर काड्यांची गर्दी किती हे महत्त्वाचं. वेली इंग्रजी Y आकाराच्या आधारावर चढवायच्या वाय पद्धतीला मात्र दिशा लागू पडते.

द्राक्ष: वेली कितीही लावा, घड तेवढेच

निफाड-दिंडोरीकडे दोन शेजाऱ्यांत १० बाय ६ चांगलं की ९ बाय ५, यावर वाद सुरू झाला की संध्याकाळ सरते. त्यांनी एकदा घडांचं गणित मांडावं. समजा, चांगल्या प्रतीच्या मालासाठी तुम्ही दीड चौरस फुटाला एक घड ठेवता. १० बाय ६ ला एका वेलीच्या वाट्याला ६० चौरस फूट येतात, म्हणजे ४० घड. ७२६ वेली गुणिले ४०, एकरी २९,०४० घड. ९ बाय ५ ला वेलीला ४५ चौरस फूट, म्हणजे ३० घड. ९६८ गुणिले ३०, पुन्हा २९,०४०. एक घड इकडे नाही, एक तिकडे नाही. घड पेलतो तो मांडव. वेली वाढल्याने घड वाढत नाहीत, वेलीमागचं ओझं कमी होतं एवढंच.

मग वेली जास्त कशाला लावायच्या? मांडव लवकर भरावा म्हणून, आणि जमीन हलकी असेल तर एकेका वेलीच्या जोमावर जास्त भार पडू नये म्हणून. मुरमाड रानात वेल फार पसरत नाही, तिथे ९ बाय ५ शोभतं. काळ्या भारी जमिनीत डॉगरिज खुंटावर (मुळांसाठी वापरलेल्या जोमदार जातीवर) थॉम्पसन जातीचं कलम असेल तर वेल मुळातच जोरकस. तिला ५ फुटांची जागा दिली तर ती जोम काड्यांत काढते, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काड्या तयार करायच्या छाटणीनंतर) मांडवावर पानांचा थर साचतो, आणि पुढच्या हंगामाचा घड ज्या काळात डोळ्यात तयार व्हायचा त्याच काळात डोळ्याला ऊन मिळत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) फूट भरपूर आणि घड नाहीत, अशी तक्रार येते तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं. जोरकस वेलीला जागा जास्त द्या, अशक्त वेलीला कमी. भारी रान म्हणजे जास्त वेली पोसेल, असं वाटून भल्या-भल्या बागायतदारांनी नेमकं उलट केलेलं आहे.

डाळिंब

महाराष्ट्रात डाळिंबाला शिफारस आहे ती साडेचार बाय तीन मीटरची, म्हणजे हेक्टरी ७४० झाडं. आपल्या हिशेबाने ही जवळजवळ १५ बाय १०. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात तेल्याने बागाच्या बागा तोडायला लावल्या, तरी नवी लागवड करताना १२ बाय ८ वर, त्याहूनही आत जाण्याचा मोह होतो. तेल्याचा जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पानावरून पानावर जातो. फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील तर त्याला वाट शोधावीच लागत नाही. मर रोगाचं तर जमिनीखालून चालतं. रोगट झाडाच्या मुळांना शेजारच्या झाडाची मुळं भिडली की बुरशी पलीकडे जाते. ओळीत एका पाठोपाठ एक झाडं पिवळी पडत जातात ती यामुळे. डाळिंबाची तीन-चार खोडं ठेवायची पद्धत असल्याने त्याचा घेर एका खोडाच्या झाडापेक्षा मोठा होतो, हेही धरा. डाळिंबात ओळीतली दोन झाडं पूर्ण वाढीतही एकमेकांना टेकणार नाहीत, एवढं अंतर मी तरी सोडायला सांगेन, मग एकरी चाळीस झाडं कमी झाली तरी चालतील.

कुठलं झाड दाटी सोसतं

याचं उत्तर झाडाला फळ कोणत्या काडीवर लागतं यात आहे. पेरूला आणि सीताफळाला नव्या फुटीवर फळ येतं. छाटा, नवी फूट येईल, तिच्यावर कळी येईल. त्यामुळे पेरू छाटणीला घाबरत नाही. २ बाय १ मीटरवर हेक्टरी पाच हजार पेरूची झाडं लावायची पद्धत लखनौच्या संशोधन संस्थेने बसवली ती याच गुणावर. आंब्याचं तसं नाही. आंब्याला मोहोर येतो तो पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर. छाटणीनंतर फुटलेली काडी पक्व व्हायला काही महिने लागतात. छाटणी उशिरा झाली तर थंडीत काडी कोवळीच राहते आणि त्या फांदीवर मोहोर येत नाही.

पेठ-सुरगाणा-दिंडोरीच्या केशर बागांना इथे एक खास अडचण आहे. आपल्याकडचा केशर उतरतो मे अखेर ते जून. काढणी संपते न संपते तोच पाऊस सुरू. घाटमाथ्याच्या त्या पावसात छाटलेल्या फांद्यांच्या जखमा ओल्या राहतात, माणसं भातलावणीला गेलेली असतात, आणि छाटणी लांबत लांबत ऑगस्टवर जाते. काढणी आणि पाऊस यांमधले ते थोडे दिवस साधायची खात्री असेल तरच आंब्याची अतिघन लागवड करा. नसेल तर पाच बाय पाच मीटरही पुरेसं दाट आहे. वाढ रोखायला कल्टार आहेच, असं कोणी सांगेल. कल्टारने जोम आवरतो हे खरं, पण त्याचा अंश जमिनीत बराच काळ राहतो, आणि मात्रा चुकली तर फूट इतकी आखडते की झाड सावरायला वर्षं घेतं. अंतराची चूक झाकायचं ते औषध नव्हे.

आधी दाट लावू, मोठी झाली की एक आड एक काढू, हाही एक मार्ग आहे आणि शास्त्राला धरून आहे. अडतं ते काढताना. फळाला आलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला घरात कोणी तयार होत नाही. हा मार्ग धरायचा असेल तर लावतानाच काढायची झाडं ठरवा, नकाशावर खूण करा, आणि कोणत्या वर्षी काढणार ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

खर्च ओळीला लागतो, पाणी पानांना लागतं

झाडं वाढवायचीच असतील तर ओळी जवळ आणण्यापेक्षा ओळीत झाडं जवळ घ्या. ठिबकची लॅटरल (ओळीतली नळी), तारा, अँगल, ट्रॅक्टरच्या फेऱ्या, सगळा खर्च ओळीच्या फुटावर चालतो. दहा फुटांच्या ओळीला एकरी ४,३५६ फूट लॅटरल लागते, आठ फुटांच्या ओळीला ५,४४५. ओळीत झाड वाढवलं तर वाढतं ते रोप, खड्डा आणि ड्रीपर. शिवाय गल्ली मोकळी राहिली तर फवारणीचा ब्लोअर फांद्या न मोडता जातो. पूर्ण वाढीनंतर दोन्ही बाजूंचा पसारा सोडून मधे सहा-सात फूट मोकळे राहिलेच पाहिजेत.

पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे की झाडं दुप्पट तर पाणी दुप्पट. पाणी उडतं पानांतून, म्हणून ते झाडांच्या संख्येवर नाही, पानांनी झाकलेल्या क्षेत्रावर अवलंबून असतं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकराला ४,०४७ लिटर. समजा उन्हाळ्यात दिवसाची गरज ५ मिलिमीटर आणि रानाचा ७० टक्के भाग पानांनी झाकलेला, तर रोजचे सुमारे १४,००० लिटर. झाडं २४० असोत की ४००, झाकण तेवढंच असेल तर पाणीही तेवढंच. फरक इतकाच की दाट बाग हे पाणी फार लवकरच्या वर्षी मागायला लागते. मालेगाव-येवल्याकडे विहीर एप्रिल-मेमध्ये एकरी एवढं देते का, हे लागवडीआधी तपासायलाच हवं. नाही देत तर विरळ लावा किंवा कमी रान लावा.

आखणी

अनुदान घेणार असाल तर योजनेत मान्य असलेलं अंतर आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्या. खड्डे काढल्यावर विचारून उपयोग नाही.

पहिली ओळ सगळ्यात सरळ बांधाला धरून आखा. मग तिच्या टोकाला काटकोन काढा. त्यासाठी एकाच खुंटीपासून ओळीवर ३० फूट मोजून एक खूण करा, दुसऱ्या दिशेला अंदाजे काटकोनात ४० फूट मोजा, आणि ती दुसरी खुंटी इतकी सरकवा की दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० फूट भरेल. तीस-चाळीस-पन्नास जमलं की काटकोन पक्का. हे न करता नजरेने आखणी केली तर तीनशे फुटांच्या टोकाला ओळ चार-पाच फूट सहज सरकते आणि शेवटची गल्ली ट्रॅक्टरला अपुरी पडते. मोजायला टेप वापरा, सुताची दोरी ओढली की ताणते आणि ओली झाली की आखडते. उताराच्या रानात, पेठ-हरसूलकडे, ओळी उताराला आडव्या, समपातळीवरच घ्या. तिथे ऊन आणि दिशा यांच्या आधी माती वाहून न जाणं येतं.

बाग आधीच दाट लागलेली असेल तर सगळी झाडं थोडी-थोडी छाटून भागत नाही, दोन वर्षांत ती पुन्हा भिडतात. आंब्यात एका वर्षी एक आड एक ओळीची झाडं छाटून बुटकी करा, उरलेल्या ओळी पुढच्या वर्षी, म्हणजे एक वर्षही घर पूर्ण बिनमालाचं राहत नाही. डाळिंबात ओळीतलं एक आड एक झाड काढलेलं बरं. काढताना मुळासकट काढा, बाहेर नेऊन जाळा, आणि रोगट झाड असेल तर त्या खड्ड्यातली माती शेजारच्या आळ्यात जाऊ देऊ नका. द्राक्षात एक आड एक वेल काढून शेजारच्या वेलीचा ओलांडा (तारेवर पसरवलेली मुख्य फांदी) मोकळ्या तारेवर लांबवता येतो. हे काम खरड छाटणीच्या वेळी करा, पुढचा सगळा उन्हाळा नव्या ओलांड्यावर काडी तयार व्हायला मिळतो.